खुलताबादच्या रांगेची लेबलं

संभाजीनगरात राहून माझं निम्मं आयुष्य बर्फात गेलं असं सांगितलं की लोकांना मी थट्टा करतेय असं वाटतं. शेंद्र्याच्या एमआयडीसीत मे महिन्यात चप्पल डांबराला चिकटते आणि त्याच आवारात, जाडजूड दरवाजामागे, उणे अठरा असतं. मी तिथल्या शीतगृहाची स्टोअर इनचार्ज. आमची कंपनी सीताफळाचा गर काढून गोठवते, मक्याचे दाणे गोठवते, आणि गिऱ्हाइकाची गाडी येईपर्यंत तो माल सांभाळणं माझ्याकडे. मी लागले तेव्हा ‘बायकांना ही थंडी सोसत नाही’ हे मला काळजीच्या सुरात समजावणारे बरेच होते. त्यातले बहुतेक आज कंबर धरून ऑफिसात बसतात. मी अजून आत आहे. ही फुशारकी आहे आणि ती मी मुद्दाम मारतेय.

शीतगृह म्हणजे मोठा फ्रीज नव्हे. आत गल्ल्या असतात. दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोखंडी रॅक, रॅकला खण, आणि प्रत्येक खणाला पत्ता. तो पत्ता एका लेबलवर छापलेला असतो: एक इंग्रजी अक्षर, पुढं आकडे, खाली बारकोडच्या उभ्या रेघा. कॉम्प्युटर सांगतो अमुक पत्त्यावरचा माल काढा, फोर्कलिफ्टवाला त्या खणापाशी जातो, स्कॅनर रोखतो, आवाज झाला की माल उचलतो. लेबल जागेवर असलं तर सगळं सुरळीत. आमच्याकडं ते जागेवर नसायचंच.

रॅक पुरवणाऱ्यांनी दिलेली लेबलं कागदी होती, गोंद साधा होता, आणि ती लावली होती चेंबर चालू असताना, थंडगार लोखंडावर. दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, लोखंडावर बसते आणि तिचा बर्फ होतो. त्यामुळं ती लेबलं लोखंडाला कधी चिकटलीच नव्हती, बर्फाला चिकटली होती. बर्फाचा पापुद्रा सुटला की त्याच्यासकट लेबल खाली. रोज सकाळी फरशीवर ती पडलेली दिसायची, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मांडवात अक्षता दिसतात तशी. मी तक्रार करायचे. ती ऐकून घेतली जायची आणि कानामागं टाकली जायची.

पण माल तर काढावाच लागतो. मग आमच्या रांगांना शहरातल्या आणि आसपासच्या ठिकाणांची नावं पडली. दारापाशी सदा गजबज, म्हणून ती रांग उस्मानपुरा. आत आलेला माल जागा मिळेपर्यंत जिथं ताटकळतो ती टेशन. दोन गल्ल्या एकमेकींना छेदतात आणि फोर्कलिफ्टवाले हॉर्न मारून एकमेकांचा उद्धार करतात ती जागा क्रांती चौक. आणि सगळ्यात आतली, सगळ्यात उंच, पंख्यांच्या थेट झोतातली रांग म्हणजे खुलताबाद, कारण तिथं जायचं म्हणजे घाट चढायचा.

ही नावं दिली होती मामांनी. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने फोर्कलिफ्ट ड्रायव्हर, वयानं पन्नाशीपलीकडचे, सगळ्या कंपनीचे मामा. स्वतः खुलताबादचे, रोज मोटरसायकलवर घाट उतरून यायचे. तोंडात वेलदोडा, आवाज चढा, आणि स्वतःच्या हाताचा भलता गर्व. “एवढ्या सांदीत मपल्यासारखी गाडी लावून दाखवा, नोकरी सोडतो,” हे त्यांचं पेटंट वाक्य. चहा उशिरा आला तर फुगून बसायचे, नव्या पोरांना धड शिकवायचे नाहीत, उलट त्यांची गाडी अडकली की लांबून मजा बघायचे. साधा माणूस वगैरे अजिबात नव्हते. पण लेबल असो वा नसो, “मामा, खुलताबादच्या तिसऱ्या मजल्यावरचा गर,” म्हटलं की गर हजर व्हायचा.

आमच्या प्लँट मॅनेजरना, म्हणजे साहेबांना, ही नावं सहन व्हायची नाहीत. साहेब बाहेरून आलेले. कंपनीत शिस्त आणायची म्हणून आले होते आणि शिस्त म्हणजे इंग्रजी अक्षर आणि आकडा, अशी त्यांची पक्की समजूत होती.

एकदा उन्हाळ्यात एका मोठ्या गिऱ्हाइकाची माणसं चेंबर बघायला यायची होती. त्या दिवशी माझी सुट्टी. साहेबांनी आत चक्कर मारली, फरशीवरची लेबलं बघितली आणि साफसफाईवाल्यांना हुकूम सोडला, की सगळी उचला आणि रॅकला परत लावा, काही पडलेलं दिसता कामा नये. त्या बिचाऱ्यांनी हुकूम पाळला. जिथं रिकामी जागा दिसली तिथं, हाताला आलं ते लेबल, खाकी टेपनं. पाहुणे आले, खूश होऊन गेले.

दुसऱ्या दिवशी आइस्क्रीमवाल्या गिऱ्हाइकाची गाडी लागली. त्यांना बिनसाखरेचा गर हवा होता. साखरेचा आणि बिनसाखरेचा, दोन्ही एकाच जातीच्या खोक्यांत भरतात, वर प्लास्टिकचं वेष्टन, त्यावर बर्फाचा थर, खोक्यावरचं बारीक स्टिकर दिसायची सोय नाही. मामा नेहमीसारखे आपल्या हिशेबानं निघाले होते. साहेबांनी त्यांना थांबवून बजावलं, “तुमचं खुलताबाद-बिलताबाद बंद. लेबल काय म्हणतं ते बघा आणि तिथूनच काढा.” मामांनी आयुष्यात पहिल्यांदा निमूटपणे ऐकलं. टेपनं लावलेलं लेबल बघितलं, स्कॅन केलं, आवाज झाला, माल उचलला. आइस्क्रीमवाल्याकडं साखरेचा गर पोचला आणि तिथून गाडी भरलेलीच परत आली.

खापर फोडायला डोकं लागतंच. ते मामांचं निघालं.

“मामांना आता दिसत नाही,” साहेब मला केबिनमध्ये बोलावून म्हणाले. “गाडीवरून उतरवा. तूर्त क्रेट धुवायला द्या. हंगामाच्या आधी बघू.”

आमच्याकडं ‘बघू’ म्हणजे घरी पाठवू. हे मलाही माहीत होतं आणि साहेबांनाही. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की टेबलावरचा पेपरवेट मी हातात का घेतला हे मला आजही सांगता येणार नाही. मारायला नव्हता घेतला, एवढं नक्की.

मी म्हणाले, “दिसत नाही म्हणजे काय? लेबल दिसलं, म्हणून तर चुकीचा माल आला. न बघता गेले असते तर बरोबर आला असता.”

“मग लेबल चुकीच्या जागी लावलं कुणी?”

“ज्यांनी लावलं त्यांना सांगितलं कुणी, ते विचारा.”

मला वाटलं, आता माणूस ओशाळेल. कसला ओशाळतोय! खुर्चीत मागं रेलून म्हणाले, “मॅडम, इतकी खात्री असेल तर न पडणारी लेबलं लावून दाखवा. तोवर मामा क्रेट धुतील.”

“दाखवते. पण लेबल मी निवडणार. त्यावर काय छापायचं ते मी ठरवणार. लावायची ती चेंबर बंद असताना, कोरड्या लोखंडावर. आणि लावून झाली की मामा गाडीवर.”

“आणि एक जरी पडलं तर?”

“तर मामांबरोबर मीपण जाते.”

बोलून गेले. घरी येताना खऱ्या क्रांती चौकात बसमधून उतरेपर्यंत माझ्या पगाराशिवायचा घरखर्च मनात मांडून बघितला, पण शब्द मागं घ्यावा असं एकदाही वाटलं नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “स्टिकरसाठी नोकरी?” मी म्हणाले, माणसासाठी. स्टिकर नुसतं निमित्त आहे.

इकडं मामा मागच्या अंगणात पाइप घेऊन क्रेट धुवायचे आणि माझ्याशीसुद्धा बोलायचे नाहीत. मी जवळ गेले की पाण्याचा जोर वाढायचा. एकदा तेवढं म्हणाले, “ताई, मपल्यापायी तुमी कामून भांडायलात? आपुन काय कुणाच्या उपकारात राहनारे माणसं नाय.” मी म्हटलं, “उपकार करायला मला वेळ नाही मामा. मला माझ्या चेंबरमध्ये गाडी नीट लावणारा माणूस पाहिजे.” त्यावर पाइपाचा जोर जरा कमी झाला.

मग मी लेबलांच्या मागं लागले. शहरात स्टिकर छापणाऱ्यांची कमी नाही. उस्मानपुऱ्यातला एक जण नमुने घेऊन कंपनीत आला. त्याच्या मते त्याचं लेबल आभाळ कोसळलं तरी निघणार नव्हतं. “टेन्शन नक्को लो मॅडम, फ्रीजमधी लई टिकतंय हे.” म्हटलं, चला मग, आत लावून दाखवा. त्याला जॅकेट दिलं, हातमोजे दिले. आत गेल्यावर लेबलामागचा कागद सोलायला त्यानं मोजे काढले. त्याची बोटं वळेनात. कागद निघाला तर लेबल लोखंडाला लागेना, त्याच्याच अंगठ्याला चिकटलं. अंगठा घेऊन तो जो दाराकडं पळाला तो दार उघडायची कळ विसरून नुसता दारावर थापा मारत होता. बाहेर आल्यावर मात्र प्रामाणिकपणे म्हणाला, “मॅडम, माझ्याकडं चहाच्या पुड्याची लेबलं असत्यात. हे काम वेगळंय.” त्यानंच मला दुसऱ्या एकाचा पत्ता दिला, जो कारखान्यांना लेबलं पुरवायचा.

त्या दुसऱ्यानं नमुने पाठवले, नाना तऱ्हांचे. मी जुन्या रॅकच्या लोखंडाचा एक तुकडा कापून घेतला, त्यावर सगळे ओळीनं लावले आणि तुकडा घरच्या फ्रीजरमध्ये ठेवला. सासूबाईंनी मटार काढायला फ्रीजर उघडला आणि घर डोक्यावर घेतलं.

“आगं, हे लोखंड कामून ठिवलंस हितं?”

मी सगळी कथा सांगितली. त्यांना हसू आवरेना. “स्टीलच्या नव्या ताटावरचं स्टिकर नखं तुटली तरी निघत नाय, अन् तुमच्या कंपनीत आपोआप गळतंय व्हय?” ते ताट त्यांनी मांडणीतून काढूनच आणलं. कोपऱ्यात दुकानदाराचं स्टिकर अजून अर्धं शाबूत होतं. “गॅसवर धरल्याबिगर हे सुटायचं नाय,” म्हणाल्या. मग चष्मा लावून बसल्या आणि माझ्या लोखंडावरचा एकेक नमुना नखानं खरवडू लागल्या. कागदी लेबलं तर पहिल्या झटक्यात गेली. प्लास्टिकचं एक निघालं नाही पण त्यावरची छपाई त्यांच्या बोटाला काळी लागली. “हे लेबल ऱ्हाईल, नाव नाय ऱ्हायाचं,” असा निकाल त्यांनी दिला. छपाईच्या मशीनमधल्या रिबनवरची शाई मेणाची होती हे मला नंतर कळलं. रेझिनची रिबन असेल तर शाई घासून जात नाही.

शेवटी एकच उरलं. पॉलिस्टरची फिल्म, मागं डीप फ्रीजसाठी बनवलेला गोंद, वर रेझिनच्या रिबनची छपाई. सासूबाईंनी त्याच्याशी नखानं, मग सुरीच्या टोकानं, मग उलथन्यानं झुंज दिली आणि हात टेकले. मी तो तुकडा कंपनीत नेला, चेंबरमध्ये पंख्यांच्या झोतात टांगून ठेवला. बर्फ चढवला, उतरवला, जॅकेटच्या बाहीनं घासला, स्कॅनर लांबून मारून बघितला. प्रत्येक वेळी आवाज झाला. किंमत ऐकून साहेब म्हणाले, “सोन्याची आहेत का?” मी म्हणाले, “तुमची परत आलेली गाडी काय फुकट आली होती?”

श्रावणात दुरुस्तीसाठी चेंबर रिकामं करून बंद करतात. दारं सताड उघडली, रॅक पुसले, वाळू दिले, पुन्हा पुसले. लोखंड हाताला कोमट लागेपर्यंत मी कुणाला लेबल उघडू दिलं नाही. साहेब येऊन दोनदा घड्याळ बघून गेले. लावून झाल्यावरही लगेच थंडी सुरू करू दिली नाही, गोंद धरायला वेळ लागतो. लेबलावर कोड आणि बारकोड होताच. त्याच्या वर, हाताएवढ्या अक्षरात, आपल्या लिपीत छापलं होतं: उस्मानपुरा. टेशन. क्रांती चौक. खुलताबाद. आत श्वासाची वाफ चष्म्यावर धरते. तेव्हा मामांनाच काय, कुणालाही बारीक इंग्रजी अक्षर दिसत नाही. ही नावं मात्र गाडीवर बसून, गल्लीच्या तोंडापासून दिसायची.

साहेबांनी ती बघितली. “हे काय छापलंय?”

“काय छापायचं ते मी ठरवणार, असं ठरलं होतं.”

मामा गाडीवर बसले. आधी त्यांनी सीट पुसली, मग आरसा पुसला, मग उगाच हॉर्न वाजवला. खुलताबादच्या रांगेपाशी जाऊन मान वर करून नाव वाचलं आणि ओरडले, “ताई, ‘खु’ लई झ्याक आलाय!” मला भरून आलं. ते लपवायला मी उगाच एका पोरावर खेकसले.

हंगाम आला. सीताफळाचा गर दिवसरात्र येत राहिला आणि चेंबर छतापर्यंत भरलं. रोज सकाळी आत जाताना मी आधी फरशी बघायचे. दसरा गेला, दिवाळी गेली, फरशी कोरी. साहेबही बघत असावेत, कारण हल्ली ते आत आल्यावर खालीच बघत चालायचे.

मग थंडीत पुन्हा मोठ्या पाहुण्यांचा बेत ठरला आणि साहेबांनी मला बोलावलं. “मॅडम, लेबलं छान टिकली. आता ती नावं काढून टाका. नुसते कोड राहू द्या. पाहुण्यांना काय वाटेल, क्रांती चौक काय, टेशन काय, बाजार आहे का हा?” आणि कागद चाळता चाळता, अगदी सहज, “आणि हो, एजन्सीकडून नवे ड्रायव्हर येतायत. कोड नीट वाचणारे.”

म्हणजे आधी नावं जाणार, मग मामांना दिसत नाही हे पुन्हा सिद्ध होणार, मग मामा जाणार. लेबल पडलं नाही म्हणून लेबलच मारायचं. मला राग आला, पण या वेळी पेपरवेट उचलावासा वाटला नाही.

“काढा,” मी म्हणाले.

साहेबांना हे अपेक्षित नव्हतं. त्यांनी दोन माणसं ब्लेड देऊन पाठवली. ती नाक चोळत परत आली. मग साहेब स्वतः जॅकेट चढवून निघाले. मी मागोमाग गेले. क्रांती चौकातल्या खालच्या खणाचं लेबल त्यांनी निवडलं. ब्लेड कोपऱ्यावर घातलं, घसरलं. पुन्हा घातलं. एक मोजा काढला, नखानं प्रयत्न केला, बोटं पांढरी पडल्यावर मोजा घातला. कोपरासुद्धा उचलला गेला नाही.

“काय लावलंय काय हे?”

“तुम्ही सोन्याची म्हणाला होतात तीच.”

“मग यावरून दुसरं चिकटवा. नुसता कोड असलेलं.”

“बर्फावर? पाहुणे येईपर्यंत त्यांच्या पायात असेल.”

“मग हे निघतं कसं?”

मला सासूबाईंचं ताट आठवलं. “गरम केलं की निघतं. चेंबर बंद करा, दारं उघडा, लोखंड कोमट होऊ द्या. मी स्वतः काढून देते.”

साहेबांनी वर बघितलं. दोन्ही बाजूंना, फरशीपासून छतापर्यंत, अख्ख्या हंगामाचा गर गोठून बसला होता. त्यांच्या तोंडातून नुसती वाफ निघत होती. मला घाई नव्हती, थंडीपण वाजत नव्हती.

तेवढ्यात मागं हॉर्न वाजला. एकदा, मग लांबलचक. मामा गाडी घेऊन उभे होते, चष्म्यावर वाफ, मान ताठ.

“ताई, कुठं?”

“खुलताबाद, मामा. वरचा मजला.”

“व्हय.” मग साहेबांकडं बघून, नव्या पोरांना दटावतात त्याच सुरात म्हणाले, “सायेब, क्रांती चौकात मधीच हुबं राहत्यात व्हय? सरका बाजूला.”

साहेब बाजूला सरकले.